मराठा आरमार अभ्यासायला घेताय? आधी एवढंच बघा

सुरुवात मालवण-विजयदुर्गापासून करताय, उत्तम. तोफांच्या मापात एवढ्यात शिरू नका. तीन साल पक्की करा:

- १६६४: सिंधुदुर्गाची पायाभरणी
- १७२९: कान्होजी आंग्रे यांचं निधन
- १७५६: विजयदुर्गाचा पाडाव

धोरण कसं बदललं ते यांच्या मधल्या काळात सापडतं. शिवाजी महाराजांचं आरमार थेट राज्याचं. कान्होजी १७१३ च्या तहाने शाहूंच्या बाजूला आले खरे, पण समुद्रावर कारभार बराचसा त्यांचाच. १७५६ साली तर पेशव्यांनीच कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि बंदरात एकमेकांना लागून नांगरलेली गलबतं एकापाठोपाठ पेटली. नवखे इथेच फसतात. ‘इंग्रजांनी आरमार बुडवलं’ असं लिहून मोकळे होतात.

दुसरी चूक म्हणजे किल्ला बघायचा आणि खाडी सोडायची. विजयदुर्गाच्या तटावर उभं राहून वाघोटनची खाडी कुठवर आत जाते ते बघा, शक्यतो भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा (मध्ये साधारण सहा तास जातात, डबा न्या). गुराबेला, म्हणजे तोफा वाहणाऱ्या लढाऊ जहाजाला, पाणी कमी लागे, त्यामुळे खोल बुडाची जहाजं मागे राहत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांचं गलबत तिला ओढून नेई, आणि पुढच्या तोफा थेट नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, डागल्या जात.

इंग्रजी कागदांत आंग्र्यांना सर्रास ‘चाचे’ म्हटलंय. तो शब्द उतरवून घेण्याआधी दस्तक, म्हणजे समुद्री परवाना, काय होता तेवढं वाचा. सिंधुदुर्गाची होडी पावसाळ्यात बंद असते, दिवाळीनंतर या.