बालकेंद्रित वर्गात मूल खरंच शिकतंय का, हे कसं पारखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला आहे, वर्गात ज्ञानरचनावादी पद्धत (मूल स्वतः करून पाहत ज्ञान घडवतं, असं मानणारी) चालते, कृती भरपूर आणि वहीत काम कमी. या पद्धतीत मुलं रमतात पण शिकत नाहीत, अशी टीका ऐकू येते. ती कितपत खरी, आणि पालकाने ओळखायचं कसं?

टीकेतला बराच भाग खरा आहे. मात्र मुलाने हाताने करून शिकावं, या मूळ विचारात मला खोट दिसत नाही. गळतं ते कृती आणि लेखी काम यांच्या मधलं शिकवणं. एक उदाहरण घेऊ, कारण हा दोष लांबून दिसत नाही.

५२ वजा २७. मुलीसमोर काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती एका गठ्ठ्याचं रबर काढते. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात बाजूला, उरल्या पाच. चार गठ्ठ्यांतले दोन बाजूला, उरले दोन. उत्तर २५, अगदी बरोबर. मग तीच मुलगी पाटीवर उभी मांडणी करते आणि ३५ लिहिते, कारण एककाच्या घरात तिने सातातून दोन वजा केले. समोर काड्या २५ आहेत आणि पाटीवर ३५ आहे, यात काही विसंगत आहे असं तिला वाटतच नाही. तिच्या लेखी हे दोन वेगळे खेळ आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र मूल आनंदाने, योग्य कृती करताना दिसतं आणि तो समाधानाने निघून जातो.

यावरचा उपाय साधा आहे, पण त्यात शिक्षकाला मधे बसावं लागतं. गठ्ठा सोडला की त्याच क्षणी पाटीवर ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायचं. काड्या हलवल्या की आकडा बदलायचा, एकही पायरी न सोडता. अशी पाच-सहा गणितं झाली की काड्यांऐवजी चित्र: दशकासाठी उभी रेघ, एककासाठी ठिपका. त्यानंतर नुसती लेखी वजाबाकी, आणि काड्या फक्त पडताळ्यासाठी. ही शिडी ‘मूल आपोआप चढेल’ असं समजणं ही बालकेंद्रित वर्गातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. काही मुलं चढतात. घरी पुस्तकं नसलेली, मराठी ही घरची भाषा नसलेली मुलं बहुतेक वेळा खालीच राहतात.

याचं कारण संशोधनात बरंच स्पष्ट झालं आहे. नवशिक्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करताना गोष्टी मनात धरून ठेवणारी स्मृती, फार थोड्या गोष्टी एकाच वेळी धरू शकते. शोध घेण्यातच ती खर्च झाली, तर शिकण्यासाठी उरत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये हाच मुद्दा मांडला: नवशिक्याला थेट मार्गदर्शन हवं, मोकळा शोध पाया पक्का झाल्यावर उपयोगी पडतो. अमेरिकेत १९६८ पासून चाललेल्या ‘प्रोजेक्ट फॉलो थ्रू’मध्ये गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या. वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत पायरीपायरीने थेट शिकवण्याची पद्धत पुढे राहिली. त्या निष्कर्षावर गंभीर आक्षेपही आहेत. एकाच पद्धतीच्या दोन गावांतल्या निकालांत जितका फरक होता, तितका दोन पद्धतींत नव्हता. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण नुसत्या पद्धतीच्या नावावरून वर्गाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यातून दिसतं.

मॉन्टेसरीचं नाव मोकळेपणासाठी सर्रास घेतलं जातं, पण तिथे शिक्षिका साहित्य आधी नेमक्या क्रमाने दाखवते, आणि कितीतरी साहित्य असं घडवलेलं असतं की चूक मुलाला स्वतःच दिसते. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण गावातल्या साध्या वस्तूंत आणलं, तेव्हाही साहित्याला क्रम होता. आपल्याकडे अनेक शाळांनी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे (ज्ञानरचनावादासाठी गाजलेल्या सरकारी शाळांच्या गटाचे) वर्ग पाहून फरशीवरचे तक्ते आणि गोल बैठक उचलली. कोणतं मूल कोणत्या पायरीवर आहे याचा रोजचा हिशेब रंगवता येत नाही, तो मागेच राहिला.

मूल्यमापनातही हेच झालं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून शिक्षण आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (एका परीक्षेऐवजी वर्षभर सर्व अंगांनी पारखणं) दोन्ही आहेत. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवल्या जातात: ‘कृतीत आवडीने सहभागी होतो’. या नोंदीवरून उद्या वर्गात काय करायचं ते ठरत नाही. ‘लेखी वजाबाकीत मोठ्या अंकातून लहान वजा करते, काड्यांवर बरोबर’ ही नोंद असेल, तर उद्याची तासिका ठरली. हरियाणातल्या सरकारी शाळांत चिठ्ठ्यांनी शाळा निवडून झालेल्या अभ्यासात सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून रोज ठराविक वेळ शिकवलं, तिथे हिंदी वाचन स्पष्ट सुधारलं. दोन शिक्षक आणि चार इयत्ता असलेल्या शाळेत असे गट जमतात का? जमतात, कारण मुलं इयत्तेप्रमाणे बसवली तरी दोन-दोन वर्ग एकत्र असतातच. पातळी तपासायला तीस मुलांना प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे तासभर होतो. रोज सहा मुलं घेतली, तर आठवड्यात सगळ्यांची पातळी कळते.

आता तुम्ही काय पाहायचं. शिक्षकांच्या परवानगीने अर्धा तास वर्गात बसा आणि एकच गट निवडा. पाच मिनिटं फक्त हात बघा. साहित्य एकच मूल हलवत असेल आणि बाकीचे तिघं पाहत असतील, तर कृती एकाचीच झाली. मुलांना विचारा, ‘हे कशासाठी करताय?’ ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ असं उत्तर एखाद्याचं आलं तर चालेल, पण सगळ्यांचं आलं तर कृतीचा हेतू पोचलेला नाही. वही चाळताना बरोबरच्या खुणा मोजू नका. महिन्याभरापूर्वीची चूक आजही तशीच आहे का, एवढं शोधा.

मुलीपुरतं घरीच तपासता येईल. तिच्या पुस्तकात नसलेल्या, साध्या वाक्यांच्या पाच ओळी वाचायला द्या आणि वाचून झाल्यावर काय झालं ते विचारा. मग हातच्याच्या दोन वजाबाक्या, त्यातली एक शून्याची: ६० वजा २४. ४४ उत्तर आलं तर दोष तोच. अशा वेळी ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ हा तोंडपाठ मंत्र देऊ नका. काडेपेटीच्या काड्यांचे सहा गठ्ठे बांधा आणि वरच्या पद्धतीने एकेक हालचाल तिला लगेच लिहायला लावा. ती पाटी नंतर बाईंना दाखवा. वर्गात कृतीनंतर लेखी काम कोणत्या दिवशी आणि किती वेळ होतं, ते तेव्हाच नेमकं विचारून घ्या.