नवीन पीसीवर आवाज नाही आणि रियलटेकचा ड्रायव्हर बसत नाही: आधी कंट्रोलर बघा, मग कोडेक

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पीसी स्वतः जोडलाय, इंटेलचा बोर्ड आहे, विंडोज ११ कोरं टाकलंय, बोर्डच्या साइटवरून रियलटेकचा ऑडिओ ड्रायव्हर (साउंडची चिप विंडोजला वापरता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) उतरवला, एकदा तो मधेच एरर देऊन थांबला, एकदा शेवटपर्यंत गेला, रीस्टार्ट केलं तरी टास्कबारवर आवाज बंदच दाखवतंय. डिव्हाइस मॅनेजरमधे 'साउंड' च्या खाली फक्त ग्राफिक्स कार्डचं ऑडिओ दिसतंय आणि 'अदर डिव्हाइसेस' मधे पिवळ्या त्रिकोणासकट 'मल्टीमीडिया ऑडिओ कंट्रोलर' म्हणून एक नोंद आहे. आणि आता तुम्ही विंडोज परत टाकायला निघालात.

विंडोज परत टाकू नका, काही उपयोग होणार नाही, परत इथेच येऊन थांबाल. तुम्ही दिलेल्या माहितीत उत्तर जवळजवळ आलेलंच आहे, ती पिवळ्या त्रिकोणाची ओळ म्हणजेच तुमचा प्रॉब्लेम. आणि चांगली गोष्ट ही की हार्डवेअर बहुतेक ठणठणीत आहे, नाहीतर ती ओळ दिसलीच नसती.

बोर्डवरचं साउंड म्हणजे एक वस्तू नाही, दोन आहेत, हे कुणी सांगतच नाही आणि सगळा घोळ इथून सुरू होतो. एक असतो कंट्रोलर, तो इंटेलच्या बोर्डवर चिपसेटच्या आत असतो (रायझनमधे बहुतेक वेळा प्रोसेसरच्याच आत). दुसरा कोडेक, म्हणजे ती रियलटेकची छोटी चौकोनी चिप, मागच्या ऑडिओ पोर्टांच्या जवळ बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात असते, आसपास गोल कपॅसिटर दिसतील. डिजिटल आकड्यांचं अ‍ॅनालॉग सिग्नलमधे रूपांतर करून तुमच्या हेडफोनला आवाज देतो तो कोडेक, पण विंडोजला कोडेक थेट दिसत नाही, कंट्रोलर चालू झाला की तो आपल्या लाइनवर कोण कोण बसलंय ते विचारतो आणि मग कोडेक 'उगवतो'. कंट्रोलरलाच ड्रायव्हर नसेल तर कोडेक विंडोजच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि रियलटेकचा सेटअप शोधतो तो कोडेकलाच. तो सापडला नाही की काही सेटअप एरर देतात आणि काही नुसत्या फाइली कॉपी करून 'झालं' म्हणतात. तुमच्याकडे दोन्ही प्रकार झालेले दिसतात. घरात मीटरच बसलेलं नाही आणि आपण बल्ब बदलत बसलोय असं झालंय हे.

आता कंट्रोलरला ड्रायव्हर का नाही? साधारणपणे हा प्रश्न येतच नाही कारण इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ हे स्टँडर्ड २००४ पासून आहे आणि व्हिस्टापासून पुढे त्याच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजमधेच येतो, कोडेकलाही विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर लावतं, म्हणून बऱ्याच बोर्डांवर काहीही न उतरवता कोऱ्या विंडोजवर आवाज येतो. (हे लक्षात ठेवा, ही फुकटची टेस्ट आहे. कोऱ्या विंडोजवर साधा आवाजही आला नाही तर प्रॉब्लेम रियलटेकच्या ड्रायव्हरच्या खाली कुठेतरी आहे.) पण इंटेलच्या काही बोर्डांवर कंट्रोलरसोबतचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा छोटा प्रोसेसर) चालू असतो, त्याला ते स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी म्हणतात, आणि तो चालू असला की कंट्रोलर विंडोजला आपली ओळख वेगळ्या क्लासने (म्हणजे डिव्हाइसचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याने) देऊ शकतो. विंडोजचा साधा ड्रायव्हर ०४०३ या क्लासचा कंट्रोलर शोधतो, इथे समोर ०४०१ येतो, मग विंडोज त्याला हात लावत नाही आणि 'मल्टीमीडिया ऑडिओ कंट्रोलर' असं मोघम नाव देऊन पिवळा त्रिकोण लावून ठेवतं. तुमची ओळ तीच असणार.

खात्री करून घ्या, अंदाजावर जाऊ नका. त्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, आणि वरच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. सुरुवातीला पीसीआय आणि व्हेंडरच्या (चिप बनवणाऱ्या कंपनीच्या, 'VEN') जागी ८०८६ असेल तर तो इंटेलचा, म्हणजे कंट्रोलर. त्याच यादीत खालच्या ओळींमधे सीसी ('CC', म्हणजे क्लास) च्या पुढे ०४०१ दिसलं तर वर सांगितलं तेच आहे, शंका नको. एएमडीच्या बोर्डवर व्हेंडर १०२२ दिसतो. आणि ओळ एचडीऑडिओ ने सुरू होत असेल तर ती कंट्रोलरची नाही, कोडेकची: १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडीचं ग्राफिक्स. हे चार-पाच आकडे कुठेतरी लिहून ठेवा, डिव्हाइसच्या नावापेक्षा यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो कारण नाव ड्रायव्हर देतो आणि आकडे चिप स्वतः देते.

तिथेच व्ह्यू मेनूमधे 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' करून बघा. मला हा व्ह्यू डिव्हाइस मॅनेजरमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते आणि फार कमी लोक तो उघडतात. कोण कुणाच्या खाली लटकलंय ते झाडासारखं दिसतं, ग्राफिक्स कार्डच्या ऑडिओ कंट्रोलरखाली त्याचं स्वतःचं डिव्हाइस दिसेल, आणि तुमच्या पिवळ्या कंट्रोलरखाली मोकळं असेल. दुरुस्ती झाली की त्याच जागी रियलटेक उगवायला हवा.

आता करायचं काय. नेटची केबल काढा आणि वायफाय असेल तर बंद करा, कारण तुम्ही सेटअप चालवत असताना विंडोज अपडेट पाठीमागून स्वतःचं वेगळं व्हर्जन आणून बसवतं आणि मग दोघांचं अर्धं अर्धं शिल्लक राहतं. (फाइली अर्थातच आधी उतरवून ठेवा.) अ‍ॅप्सच्या यादीतून आधीचा रियलटेक काढून टाका, रीस्टार्ट करा. मग पहिल्यांदा चिपसेटचं पॅकेज, बोर्डच्याच पानावरचं. रीस्टार्ट. मग त्याच पानावर स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर वेगळा दिलाय का बघा, कधी तो वेगळा असतो आणि कधी ऑडिओच्या झिपमधेच आतल्या एखाद्या फोल्डरला पडलेला असतो आणि सेटअप त्याला हातच लावत नाही. तसं असेल तर झिप पूर्ण उघडा, पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, 'ब्राउज माय कंप्युटर', उघडलेलं अख्खं फोल्डर दाखवा आणि सबफोल्डरची टिक राहू द्या. विंडोज स्वतः आयडी जुळवून बरोबर फाइल उचलतं. पिवळा त्रिकोण गेला, नाव बदललं, आणि खाली नवीन डिव्हाइस उगवलं की मगच रियलटेकचा सेटअप चालवायचा. परत रीस्टार्ट, आणि त्यानंतर नेट जोडा.

रीस्टार्टच म्हणतोय, शटडाउन करून परत चालू नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमधे विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो, ड्रायव्हर नव्याने सुरू होत नाहीत. रीस्टार्टमधे होतात.

बोर्डचं मॉडेल लिहिताना शेवटची अक्षरं आणि रिव्हिजन सोडू नका. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन रिव्हिजनमधे कोडेक वेगळा असू शकतो, रिव्हिजन बोर्डच्या कडेला बारीक छापलेलं असतं. आणि हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर एएलसी ४०८० सारखे कोडेक येतात जे कंट्रोलरवर बसतच नाहीत, बोर्डच्या आतल्या यूएसबीवर बसतात, त्यांचा आयडी यूएसबी ने सुरू होतो आणि त्यांना एएलसी १२२० किंवा ८९७ चा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी लागणार नाही, त्यांचं पॅकेजच वेगळं असतं. 'ड्रायव्हर अपडेटर' वगैरे सॉफ्टवेअर तर कृपया वापरू नका, कुठला ड्रायव्हर कुठून आणला आणि आधीचा काढला की नाही हे नंतर कुणालाच कळत नाही, आणि मग खरंच विंडोज टाकायची वेळ येते.

हे सगळं करूनही पिवळा राहिला तर त्याच प्रॉपर्टीजच्या पहिल्या टॅबवरचा कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे बसलाय पण डिव्हाइस सुरू होत नाही, यात चुकीचं व्हर्जन असू शकतं किंवा चिप अडकलेली. अडकलेली म्हणजे खरंच अडकते, कोडेकला शटडाउननंतरही स्टँडबायची वीज मिळत राहते आणि तो जुन्याच अवस्थेत राहतो. त्यासाठी पीसी बंद करून सप्लायचं मागचं बटण बंद करा, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, अर्धा मिनिट थांबा आणि मग चालू करा. साधा उपाय आहे पण आधी हा करा, मग बाकीचे. ५२ म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर, तो कुठल्यातरी जुन्या पॅकेजमधून आलाय, काढून टाका, सही तपासणं बंद करायच्या भानगडीत पडू नका.

उद्या दुसऱ्या कुणाकडे पिवळी ओळही नसेल, काहीच दिसत नसेल, तर बायोसमधे (पीसी चालू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमधे) ऑनबोर्ड डिव्हाइसेसच्या पानावर एचडी ऑडिओ 'डिसेबल्ड' तर नाही ना ते बघायचं, 'ऑटो' असेल तरी 'एनेबल्ड' करून बघायचं. स्वतः जोडलेल्या पीसीत अजून एक कारण असतं, कॅबिनेटच्या ट्रेवर बोर्डखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खुंट) जास्तीचा राहून गेलेला, जिथे बोर्डला भोकच नाही तिथे, आणि तो मागून शॉर्ट करतोय. हे बघायला बोर्ड काढावा लागतो, म्हणून सगळ्यात शेवटी.

हार्डवेअर की विंडोज याचा निकाल एकदाच लावायचा असेल तर उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं 'ट्राय' करायचं आणि साउंडच्या सेटिंगमधून स्पीकर टेस्ट करायचा. तिथे वाजलं की बोर्ड निर्दोष. तिथेही कार्ड दिसत नसेल तर विंडोजमधे ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही.

आता समजा ड्रायव्हर बसला, रियलटेक दिसायला लागला, आणि तरी आवाज नाही. याची तयारी ठेवा, कारण तुमच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे आणि मॉनिटर एचडीएमआयवर आहे. विंडोज डीफॉल्ट आउटपुट मॉनिटरला देऊन बसतं, मॉनिटरला स्पीकर नसले तरी. साउंड सेटिंगमधे आउटपुट स्वतः निवडा. मग जुनी साउंड विंडो उघडा, 'मोअर साउंड सेटिंग्ज' मधून, मोकळ्या जागेत राइट क्लिक करून डिसेबल्ड आणि डिसकनेक्टेड दोन्ही दाखवायला लावा, आणि काहीतरी वाजवत ठेवून स्पीकरच्या शेजारची हिरवी पट्टी बघा. पट्टी हलतेय आणि कानाला काही नाही, म्हणजे विंडोजचं काम झालं, आता बोट वायरकडे. पट्टीच हलत नाही तर अ‍ॅप दुसरीकडे वाजवतंय.

वायरकडे वळलात तर पहिल्यांदा मागच्या हिरव्या पोर्टमधे हेडफोन लावा, पुढच्यात नाही. मागे वाजलं आणि पुढे नाही तर ड्रायव्हरचा विषयच संपला, कॅबिनेटची फ्रंट ऑडिओची वायर बघायची. बोर्डच्या खालच्या कडेला डाव्या बाजूला एफ_ऑडिओ, जेएयूडी१ किंवा एएएफपी असं लिहिलेला हेडर (वायर लावायच्या पिनांचा गट) असतो, दोन रांगांत नऊ पिना, आठव्या नंबरची पिन नसते. यूएसबी २ चा हेडर अगदी तसाच दिसतो पण त्याची नववी पिन नसते, म्हणजे रिकामी जागा एकाचीच टोकाला आणि दुसऱ्याची एक घर आत. टॉर्च लावून नीट बघा आणि कनेक्टर सहज जात नसेल तर जोर लावू नका, तो चुकीच्या हेडरवर आहे. काही जुन्या कॅबिनेटच्या वायरला एचडी ऑडिओ आणि एसी ९७ (त्याआधीचं जुनं स्टँडर्ड) असे दोन कनेक्टर असतात, त्यातला एचडीचाच लावायचा, एसी ९७ लावला तर हेडफोन घातल्याचं बोर्डला कळतच नाही आणि पोर्ट कायम 'नॉट प्लग्ड इन' दाखवत राहतो.

माइक चालत नसेल तर प्रायव्हसीमधे मायक्रोफोनची परवानगी बघा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. आणि रियलटेकचं ते कन्सोल अ‍ॅप 'आरपीसी सर्व्हिस' ला जोडता येत नाही म्हणालं तर घाबरू नका, अ‍ॅप आणि ड्रायव्हर वेगवेगळ्या व्हर्जनचे झालेत किंवा त्यांची सर्व्हिस बंद आहे, आवाजाला त्याची गरज नाही. खरं सांगायचं तर सराउंड किंवा पोर्टांची अदलाबदल नको असेल तर विंडोजचा साधा ड्रायव्हर ठेवूनही छान चालतं आणि मी बऱ्याच जणांना तोच ठेवायला सांगतो.

तेव्हा आधी चिपसेट, स्मार्ट साउंड, मग रियलटेक, या क्रमाने करून बघा. नाही झालं तर तीन गोष्टी लिहा: बोर्डचं पूर्ण मॉडेल रिव्हिजनसकट, पिवळ्या नोंदीच्या हार्डवेअर आयडीची पहिली ओळ जशीच्या तशी, आणि पहिल्या टॅबवरचा कोड. स्क्रीनशॉट दिला तरी चालेल पण पूर्ण विंडोचा द्या, नुसत्या त्रिकोणाचा नको.