डाव्या बगलेवरचा बचावपटू : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात जर्मनीतील बायर्न म्युनिक या क्लबचा डावा बचावपटू अल्फॉन्सो डेव्हिस याच्यावर एक छोटे टिपण छापले होते. घानातील छावणीत जन्म, पाचव्या वर्षी कॅनडा आणि एकोणिसाव्या वर्षी युरोपचे विजेतेपद, एवढाच मजकूर त्यात मावला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : टिपणात आपण डेव्हिसला ‘स्थलांतरित’ म्हटले आहे. तो निर्वासित नव्हे काय? आणि छावणीतल्या मुलापर्यंत फुटबॉल क्लब पोहोचला तरी कसा? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे. त्याचे आईवडील लायबेरियातील यादवी युद्धामुळे मन्रोव्हिया सोडून घानात आले आणि राजधानी अक्राच्या पश्चिमेला असलेल्या बुदुबुराम छावणीत राहिले. लायबेरियातून आलेल्या लोकांसाठी ती १९९० मध्ये उभारली गेली होती. तेथे २ नोव्हेंबर २००० रोजी अल्फॉन्सोचा जन्म झाला. त्या वेळी तो निर्वासितच होता. २००५ मध्ये पुनर्वसन योजनेतून हे कुटुंब कॅनडातील विंडसर येथे आणि नंतर आल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहरात गेले. अशा योजनेतून आलेल्या कुटुंबाला कॅनडात पाऊल ठेवताच कायम वास्तव्याचा परवाना मिळतो. त्यामुळे तेथून पुढे ‘स्थलांतरित’ हा शब्द चुकीचा ठरत नाही. तरीही आधीची अवस्था टिपणात स्पष्ट लिहायला हवी होती, हे मान्य.

क्लब छावणीपर्यंत पोहोचला नाही. एडमंटनमध्ये तेव्हा ‘फ्री फुटी’ नावाची शालेय स्पर्धा चालत असे. ज्या मुलांच्या घरी नोंदणीचे शुल्क, बूट आणि मैदानापर्यंतचा प्रवास यांपैकी काहीही परवडत नसे, त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर हे सामने विनामूल्य भरवले जात. आईवडील कामावर असताना धाकट्या भावंडांना सांभाळणारा हा मुलगा तेथे प्रथम नजरेत भरला. पुढे फुटबॉलचा स्वतंत्र वर्ग असलेली शाळा, मग एडमंटन स्ट्रायकर्स हा स्थानिक संघ आणि चौदाव्या वर्षी व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स या व्यावसायिक क्लबची निवासी अकादमी असा त्याचा प्रवास झाला. उत्तर अमेरिकेत मुलांचा फुटबॉल हा बहुतांशी पालकांच्या खिशावर चालतो, ही गोष्ट लक्षात घेतली, तर पहिली पायरी विनामूल्य असण्याचे मोल कळते. गुणवत्ता आपोआप वर येते, असे आपल्याकडे फार सहज म्हटले जाते. येथे तिला वर यायला कोणीतरी मोफत बसगाडी पाठवली होती.

प्रश्न : जन्म घानात, आईवडील लायबेरियाचे, खेळतो कॅनडाकडून. त्याला कोणताही देश निवडता आला असता का? आपल्या देशात असे होऊ शकते का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : कोणताही नाही. घानाचे नागरिकत्व केवळ तेथील भूमीवर जन्मल्याने मिळत नाही, ते आईवडिलांवरून ठरते. लायबेरियाशी त्याचे नाते आईवडिलांकडून होते, तर कॅनडाशी वास्तव्यामुळे. मात्र राष्ट्रीय संघाकडून खेळण्यासाठी वास्तव्य पुरत नाही, नागरिकत्व हातात असावे लागते.

येथे तारखा पाहण्यासारख्या आहेत. १६ जुलै २०१६ रोजी, सोळा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, तो व्हाइटकॅप्सकडून मेजर लीग सॉकर या अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक लीगमध्ये उतरला. म्हणजे व्यावसायिक खेळाडू म्हणून तो तयार होता, पण कॅनडाच्या मुख्य संघाला त्याला अधिकृतपणे खेळवता येत नव्हते. ६ जून २०१७ रोजी त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली. त्याच दिवशी त्याची राष्ट्रीय संघात निवड झाली आणि सातच दिवसांनी क्युरासावविरुद्ध माँट्रियलमध्ये तो मैदानात आला. पुढच्या महिन्यात उत्तर व मध्य अमेरिकेतील देशांच्या गोल्ड कप स्पर्धेत त्याने तीन गोल केले. बारा वर्षे देशात राहिलेल्या मुलाचे आठवड्याभरात ‘कॅनडाचा खेळाडू’ झाले, यात बदलला तो फक्त कागद.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला राष्ट्रीय संघात स्थान मिळत नाही. पुण्याच्या वाचकांना पुणे एफसीचा अराता इझुमी आठवत असेल. वडील भारतीय, आई जपानी. त्याने जपानी पारपत्र सोडले, भारतीय नागरिकत्व घेतले आणि मग २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. सोडण्याची ही अट डेव्हिसपुढे नव्हती, कारण कॅनडाला दुसरे नागरिकत्व चालते.

प्रश्न : बायर्नने जुलै २०१८ मध्ये करार जाहीर केला, पण डेव्हिस जानेवारी २०१९ मध्ये तेथे रुजू झाला. हा उशीर का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कारण जुलैमध्ये तो सतरा वर्षांचा होता. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी खेळाडूला एका देशाच्या क्लबमधून दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये जाता येत नाही, असा ‘फिफा’चा नियम आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात गेले असतील तर परवानगी मिळते. सीमेलगत राहणाऱ्या मुलाला पलीकडच्या जवळच्या क्लबमध्ये खेळता येते. आणि युरोपीय संघातील देशांमध्ये सोळा ते अठरा या वयात ठरावीक अटींवर बदली होऊ शकते. कॅनडातील मुलाला यांपैकी एकही दार उघडे नव्हते.

नियम कडक असण्यामागे कारण आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील कोवळ्या मुलांना दलालांनी युरोपात नेऊन, निवड न झाल्यास परक्या शहरात सोडून देण्याचे प्रकार बरेच झाले होते. मोठ्या नावांनाही यातून सूट नाही. अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या नोंदणीवरून बार्सिलोनावर २०१४ मध्ये कारवाई झाली आणि त्या क्लबला २०१५ मध्ये नवीन खेळाडूंची नोंदणी करता आली नाही. त्यामुळे बायर्नने पैसे मोजले, सही घेतली आणि वाट पाहिली.

ती वाट पाहणे डेव्हिसच्या पथ्यावरच पडले, असे मला वाटते. व्हाइटकॅप्सचा उरलेला हंगाम तो प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे पूर्ण खेळला आणि अखेरच्या सामन्यात पोर्टलंडविरुद्ध संघाचे दोन्ही गोल त्यानेच केले. त्यानंतर काही दिवसांतच त्याला अठरावे वर्ष पूर्ण झाले.

प्रश्न : आमच्या तालमीच्या कट्ट्यावर वाद पेटला आहे. डेव्हिस मुळात आघाडीचा खेळाडू, त्याला ओढून मागे आणला, असे एकाचे म्हणणे. दुसरा म्हणतो, तो पहिल्यापासून बचावपटूच. खरे काय ते छापा, म्हणजे चहाचे पैसे कोणी द्यायचे ते ठरेल. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : चहा दुसऱ्याने पाजावा. व्हँकुव्हरमध्ये डेव्हिस मुख्यतः डाव्या बगलेवरून चढाई करणारा विंगर होता आणि बायर्ननेही त्याला त्याच कामासाठी घेतले होते. पण ‘ओढून मागे आणला’ यात एखाद्या प्रशिक्षकाची दूरदृष्टी दिसते, ती मात्र येथे नव्हती. होती ती निकड.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने बायर्नचे दोन बचावपटू जायबंदी झाले : निकलास झ्युलेचा गुडघा गेला आणि लुकास हर्नांडेझचा घोटा. बचावाची मधली जागा रिकामी झाली म्हणून डाव्या बचावाला खेळणाऱ्या डेव्हिड अलाबाला तेथे सरकवण्यात आले. मग अलाबाच्या जागी कोण? प्रशिक्षक निको कोव्हाच यांनी डेव्हिसला डाव्या बचावाला उभे केले. २ नोव्हेंबरला, नेमक्या डेव्हिसच्या एकोणिसाव्या वाढदिवशी, बायर्न फ्रँकफर्टमध्ये १-५ असा हरला आणि दुसऱ्या दिवशी कोव्हाच यांचे पद गेले. त्यांच्या जागी आलेल्या हान्सी फ्लिक यांनी ती तात्पुरती सोय तशीच ठेवली आणि ती पक्की झाली.

ती पक्की का झाली, हे समजण्यासाठी फ्लिक यांची पद्धत पाहावी लागते. त्यांचा बचाव स्वतःच्या गोलपासून बराच पुढे, जवळजवळ मध्यरेषेपाशी उभा राहत असे. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची कोंडी होते, पण एक लांब पास डोक्यावरून गेला की मागे निम्मे मैदान मोकळे. ती जागा धावून भरून काढणारा कोणी असेल तरच हा जुगार परवडतो. डेव्हिस तो माणूस होता. जून २०२० मध्ये वेर्डर ब्रेमेनविरुद्ध त्याचा वेग ताशी ३६.५१ किलोमीटर नोंदला गेला, जो तेव्हा बुंडेसलिगा या जर्मनीच्या मुख्य लीगमधील विक्रम होता. त्याच सामन्यात दुसरे पिवळे कार्ड मिळून त्याला मैदानही सोडावे लागले, ही गोष्ट विक्रम सांगणारे सहसा सांगत नाहीत. मला मात्र त्या एका संध्याकाळीत अख्खा डेव्हिस दिसतो : बचावपटू म्हणून कच्चा, पण पायांच्या जोरावर बहुतेक चुका निस्तरणारा.

त्याच ऑगस्टमध्ये लिस्बनला चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत, बार्सिलोनाविरुद्ध ८-२ असा जिंकलेल्या सामन्यात त्याने डाव्या कडेने नेल्सन सेमेदोला चकवत अंतिम रेषेपर्यंत मजल मारली आणि सहकारी यॉझुआ किमिखसमोर चेंडू आयता ठेवला. गोल किमिखच्या नावावर आहे. नऊ दिवसांनी पॅरिसच्या संघाला १-० असे हरवून बायर्न युरोपचा विजेता झाला. कॅनडाच्या पुरुष संघाकडून खेळणाऱ्या कोणालाही तोवर हा चषक मिळाला नव्हता. ओवेन हारग्रीव्ह्ज कॅनडात जन्मला होता, पण तो इंग्लंडकडून खेळला.

आता पहिल्या मित्रालाही फार चढू देऊ नका. राष्ट्रीय संघात डेव्हिस पुष्कळदा पुढेच खेळत आला आहे. २०२२ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध त्याची पेनल्टी गोलरक्षक तिबो कोर्त्वाने अडवली आणि चार दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्याने हेडर मारून गोल केला. पुरुषांच्या विश्वचषकातील कॅनडाचा तो पहिला गोल. १९८६ मध्ये तिन्ही सामने हरताना त्यांना एकही करता आला नव्हता. क्रोएशियाने पुढे तो सामना ४-१ असा जिंकला. तेव्हा क्लबसाठी बचावपटू, देशासाठी बहुधा चढाईपटू, असे म्हणा आणि चहाचे अर्धे पैसे वाटून घ्या.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा फार वेगाने धावतो. प्रशिक्षकांनी त्याला डाव्या बचावाला टाकल्यापासून तो रुसून बसला आहे. डेव्हिसचे उदाहरण देऊन त्याची समजूत काढावी का? (एक आई, ठाणे)

उत्तर : जरूर द्यावे, पण जपून. डेव्हिस बचावाला आला तेव्हा जवळपास एकोणीस वर्षांचा होता आणि तोवरची सगळी वर्षे त्याने चेंडू घेऊन समोरच्याला चकवण्यात घालवली होती. अकराव्या वर्षी मुलाला एकाच जागी बांधून ठेवले, तर ती वर्षे त्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून आधी प्रशिक्षकांना विचारा : त्याला मध्यरेषा ओलांडून पुढे जाण्याची मुभा आहे का, आणि तो अधूनमधून इतर जागांवरही खेळणार आहे का? दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर काळजीचे कारण नाही.

दुसरी बाब शरीराची. वेगावर उभ्या असलेल्या खेळाला दुखापत फार महागात पडते. मार्च २०२५ मध्ये कॅनडाकडून अमेरिकेविरुद्ध खेळताना डेव्हिसच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो कित्येक महिने मैदानाबाहेर राहिला. वेगवान मुलाला मोठ्यांच्या सरावात ढकलण्याची घाई म्हणूनच नको.

आणि रुसवा काढायचा असेल, तर पुढच्या वेळी बायर्नचा सामना लावाल तेव्हा मुलाला एक खेळ सांगा. पहिली वीस मिनिटे चेंडूकडे पाहायचे नाही, फक्त डाव्या बचावपटूकडे पाहायचे. तो किती वेळा पुढे धावला, किती वेळा मागे आला आणि किती वेळा नुसताच उभा राहिला, याच्या तीन रकाने करून खुणा मांडायच्या. तिसऱ्या रकान्यात किती खुणा झाल्या, ते आम्हाला अवश्य कळवा.