भावनांबद्दल इंग्रजीत बोलायला फ्रेजल व्हर्ब्जची यादी पाठ करावी का?

ओईटीच्या (परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांच्या इंग्रजी परीक्षेच्या) स्पीकिंगसाठी भावनांच्या फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे अप, आउट असे शब्द जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, लांबलचक पीडीएफ पाठ करताय, असं लिहिलंय तुम्ही. नका करू.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या क्लासला मी जायचे, तिथले सर तर दुसऱ्याच टोकाचे. 'बॉटल अप, ओपन अप ही रस्त्यावरची भाषा. सप्रेस म्हणा, एक्स्प्रेस म्हणा.' बॉटल अप म्हणजे मनात कोंडून ठेवणं, ओपन अप म्हणजे मन मोकळं करणं. पेशंट असं बोलत नाहीत, असं मी तेव्हाच म्हणाले होते. 'तुला लई कळतंय,' सर भर वर्गात म्हणाले.

पुढं इंग्लंडला वॉर्डात लागले. पहिल्याच हिवाळ्यात इकडं शिवाजी पेठेत बाबा गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत ड्युटीवर गेले, तर स्टाफरूममध्ये सीनियर सिस्टरनं दार लोटून घेतलं, चहाचा मग पुढं सरकवला आणि विचारलं, 'हाऊ आर यू होल्डिंग अप?' म्हणजे, सावरतेयस ना? मी म्हणाले, 'आय हॅव बीन बॉटलिंग इट अप.' बाबांशी शेवटच्या फोनवर झालेलं भांडण मी तिथं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. माझे दोन बेड तिनं त्या दिवशी स्वतःकडं घेतले. सरांचं सप्रेस वापरून माझ्या तोंडून हे निघालंच नसतं.

तर मोजकेच घ्या, आणि प्रत्येकाला स्वतःचा प्रसंग जोडा. मनात नेमकं काय चाललंय याचा छडा लावणं म्हणजे फिगर आउट. दुःखाला वेळ देऊन ते हळूहळू पचवणं म्हणजे वर्क थ्रू. त्यातून बाहेर पडणं म्हणजे गेट ओव्हर. पण रडणाऱ्या माणसाला 'गेट ओव्हर इट' कधीही म्हणू नका, फार लागतं ते. 'इट'ची जागाही बघा: 'फिगर इट आउट', 'बॉटल इट अप', पण 'वर्क थ्रू इट', 'गेट ओव्हर इट'. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकणं, त्याचा इथं संबंध नाही.

हां, रायटिंगमधलं पत्र वेगळं. तिथं औपचारिक भाषाच लागते, तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर. पण स्पीकिंगच्या दोन्ही रोल-प्लेत समोर बऱ्याचदा घाबरलेला पेशंट नाहीतर नातेवाईक असतो, पाचेक मिनिटांत त्याला बोलतं करायचं असतं. माझी मावसबहीण सध्या त्याच क्लासला जाते. तिच्या वहीत 'ओपन अप'वर लाल काट मारलेली परवाच बघितली. तिला सांगून ठेवलंय, परीक्षेत बिनधास्त हेच म्हण.