आईला एका कानाने कमी ऐकू येतं, इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात सोयी कशा आहेत आणि हॉलमधला आवाज नीट येतो का?

तुमच्या आई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येतं, तर धम्मगिरीला, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यना केंद्राला, पाठवू का असं विचारलंय तुम्ही. पाठवा की खुशाल, फक्त फॉर्ममध्ये गुडघ्यांबरोबर कानाचंही लिहा. बहुतेक लोक बीपी, शुगर, गुडघे सगळं लिहितात आणि कानाचं राहून जातं, आणि तिथे तर सगळं कानावरच चालतं, पुस्तक-वही काही जवळ ठेवू देत नाहीत.

सोयींचं पटकन सांगते. फी नाही, शेवटी दान द्यायचं तर द्या. खोली साधी, स्वच्छ. केंद्र १९७६ पासूनचं आहे आणि डोंगराच्या उतारावर, म्हणजे चढउतार आलाच, त्यामुळे तळमजल्याची खोली आणि कमोड पाहिजे हे ऑफिसला आधीच कळवा. पहाटे ४ ला घंटा, ११ ला जेवण, मग संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चुरमुरे, फळ, चहा की त्या दिवसाचं खाणं संपलं, शुगर असेल तर हे लक्षात घ्या. हॉलमध्ये खुर्ची मागितली की मिळते, त्यात काही कमीपणा नाही.

आता आवाजाचं. ही विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी २०१३ मध्ये गेले पण सूचना आणि प्रवचनं अजून त्यांच्याच रेकॉर्डिंगवर चालतात. आवाज भरदार, बोलणं एकदम संथ, सूचना हिंदीत आणि परत इंग्रजीत, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, त्यामुळे एखादा शब्द सुटला तरी काही अडत नाही. पहाटेच्या पालीतल्या पठणात तर शेवटचं अक्षर ते इतकं लांबवत खाली नेतात की ठणठणीत कानाच्या माणसालाही पत्ता लागत नाही, आणि लागायची गरजही नसते!

खरी अडचण होते ती संध्याकाळी ७ च्या प्रवचनाला. दिवसभर बसून अंग आंबलेलं असतं, प्रवचन तासाभराहून जास्त, आणि खुर्च्या असतात मागे किंवा भिंतीला, स्पीकरपासून लांब आणि कधीकधी नेमक्या पंख्याखाली. मी दुसऱ्या एका केंद्रावर भर पावसाळ्यात बसले होते, वर पत्रा, पाऊस सुरू झाला की पडद्यावर गुरुजींचे नुसते ओठ हलताना दिसायचे, मदतीला असलेल्या सेवकांनी व्हॉल्यूम वाढवला तर हॉलच घुमायला लागला आणि होते तेही शब्द गेले. वयाने कान जातात ना, तेव्हा आधी बारीक आवाज जातात, स, श, त, फ असले, बोलतायत ते कळतं पण काय बोलतायत ते कळत नाही, मग मोठ्याने लावून काय होणार. जवळ बसवलं तर फरक पडतो. म्हणून सेविकेला पहिल्याच संध्याकाळी सांगायचं की चांगला कान स्पीकरकडे येईल अशी खुर्ची द्या. पहिल्या दिवशी जागा ठरली की सहसा तीच राहते, म्हणून उशीर नको. शिबिरात मौन पाळायचं असलं तरी अडचण सेविकेशी बोलता येते, आणि दुपारी १२ नंतर आचार्यांना भेटता येतं.

हिंदी अवघड जात असेल तर प्रवचन मराठीतून पाहिजे हे फॉर्मवर लिहा. मराठीवाल्यांना वेगळं बसवतात, माणसं कमी असतात, माझ्या मते आईंना ते जास्त सोयीचं पडेल. आणि जून ते सप्टेंबर टाळाच, इगतपुरीचा पाऊस काय असतो ते नाशिककरांना विचारा.

कानाचं मशीन असेल तर जास्तीचे सेल द्या, बारक्या सेलचं आयुष्य साधारण आठवडाभर आणि शिबिर दहा दिवसांचं. चार्जिंगवालं असेल तर चार्जर मोबाइलसोबत जमा होऊ देऊ नका, काउंटरवर तिथेच सांगा. कानातला साचा सैल झाला असेल तर जायच्या आधी बसवून घ्या, शांत हॉलमध्ये मशीनची शिट्टी वाजली की पुढच्या चार रांगा दचकतात.

आणि तुम्ही मुलगा असाल नि सोबत बसू म्हणत असाल तर उपयोग नाही, बायकांचं राहणं, जेवण, हॉलमधली बाजू सगळं वेगळं. मुलगी असाल तरी एकमेकींशी बोलायला दहाव्या दिवसापर्यंत बंदी, त्यामुळे काय सांगायचं ते आईंना घरीच नीट समजावून पाठवा, चिठ्ठीवर लिहून दिलं तर काउंटरवर दाखवायला बरं.