पावसात जुने ट्रेकचे फोटो काढून बसणार असशील तर

अरे मस्तच, जरूर बस! पुण्यात असा दिवसभर धो धो पाऊस असला की मी पण हेच करतो, गेली बरीच वर्षं. पण सगळा ढीग एकदम उपसू नकोस, नवीन माणूस तिथेच दमतो. एकच वाट घे, समजा आतकरवाडीतून सिंहगड, आणि तेवढंच बघ.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:
- पहिल्या दिवशी काहीही डिलीट करायचं नाही. हललेला, धूसर वाटणारा फोटोच कधीकधी सगळ्यात जास्त आठवण देतो.
- व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख राहत नाही, म्हणून ज्याने काढलाय त्याच्याकडून ओरिजिनल फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागव.
- प्रिंट असतील तर हात कोरडे हवेत, आणि अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नको, वरचा थर निघून येतो, माझा राजगडचा एक असाच गेला, अजून वाईट वाटतं.

जागा ओळखता येत नसेल तर माणसं सोडून मागे बघ. जवळच टीव्ही टॉवर दिसला की बहुधा सिंहगड. उतारभर सोनकीची पिवळी रानफुलं असतील तर बहुतेक भाद्रपदाच्या आसपासचा. माझ्याकडे एका फोटोत बांधावर नुसती काठी आणि चिखलाने भरलेली चप्पल आहे, ती बघून अख्खी वाट आठवली, ताक दिलेल्या आजींसकट. असं काही आठवलं की लगेच दोन ओळी लिहून ठेव, कोण होतं, कुठे थांबलो, काय खाल्लं.

स्कॅनिंग, बॅकअप वगैरे नंतर सांगतो, आत्ता नको. आधी कुठल्या वाटेचे फोटो बघायला घेतोयस ते सांग.