कलम कमी करून मिळेल का?

"मॅडम, १८५ चं १८४ करून घेता येईल का? वकील ओळखीतला आहे." समुपदेशनासाठी आलेल्या नितीनने (नाव बदललं आहे) खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. पुण्यात रात्री नाकाबंदीत अडवलं, मशिनमध्ये फुंकायला लावलं. आकडा ९४. कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅम. ती चिठ्ठी चार घड्या घालून पाकिटात ठेवलेली. बोलताना तीनदा उघडून झाली.

ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसनंतर हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. त्यामागची भीती खरी असते: नोकरी, नातेवाईक, कोर्टाची पायरी. म्हणून कायद्याचं आधी सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. त्याखाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार दंड किंवा दोन्ही. ही केस रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जाते. १८४ म्हणजे धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं. त्यात दंड कमी आहे, पण कैद वर्षभरापर्यंत होऊ शकते. त्याला हलकं कलम समजू नका. आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून तडजोड, २००६ पासून आहे, पण त्यात तडजोड होते ती शिक्षेची, कलमाची नव्हे. चाचणी नीट झाली का, कागद बरोबर आहेत का, हे वकिलाकडून जरूर तपासून घ्या. तो तुमचा हक्क आहे. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

नितीनला हे सगळं वकिलानेही सांगितलं होतं. तरी तो माझ्याकडे आला होता, सोबत बायको होती. मी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' प्रश्नावली काढली. दहा प्रश्न, आठ किंवा जास्त गुण आले की पिणं धोक्याकडे झुकलंय असं धरतात. नऊ प्रश्नांची उत्तरं त्याने भराभर दिली. दहावा प्रश्न, तुमच्या पिण्याबद्दल घरच्यांनी, मित्रांनी किंवा डॉक्टरांनी कधी काळजी व्यक्त केली आहे का?

"नाही."

बायको काही बोलली नाही. पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. मी पेन खाली ठेवलं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हो लिहा. गणपतीत म्हणाली होती ती. दिवाळीतही."

बेरीज १९ झाली. त्या दिवशी १८४ चा विषय पुन्हा निघाला नाही. अशा वेळी समोरच्याला खडसावावंसं वाटतं, पण मी ते करत नाही. लाज वाटून माणूस पिणं सोडत नाही, लपवायला लागतो. आम्ही फक्त पुढच्या शुक्रवारचं ठरवलं: ऑफिसची पार्टी, किल्ली घरी, जाता-येता रिक्षा.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला. लायसन्स काही महिने निलंबित झालं. तेव्हापासून दर गुरुवारी तो बसने येतो. मध्ये दोनदा घसरलाही. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन त्याचाच आला.